मीठ पाण्यात, पाणी मिठावर नाही

उरण, रविवार

चि. ओंकार,

माशांची टाकी घरी आली, असं तुझ्या आईने सांगितलं. तिच्याकडून फोन घेऊन तू एवढंच विचारलंस, ‘मामा, निमो कधी आणू?’ दीड महिना तरी नाही. तोवर तुला वाळू आणि पाणी एवढीच दोन जनावरं पाळायची आहेत.

टाकी दोन फुटांची म्हणजे जेमतेम 55 लिटर. समुद्री माशांसाठी लहानच. टाकी जितकी लहान तितकं पाणी लवकर बिघडतं, पण आता घेतलीच आहेस.

तुला वाटेल, समुद्र हाकेवर आहे, दोन कॅन भरून आणू. नको. आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात खाड्यांची घाण, आणि पावसाळ्यात नद्यांमुळे त्याचा खारेपणाच उतरतो. मग स्वयंपाकघरातलं मीठ का नको? माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, मिठागरात राबले. वाफ्यातलं पाणी आटत जातं तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ धरतं. मॅग्नेशियमचं कडू पाणी मागे उरतं, ते सोडून देतात. घरात येतं ते समुद्रातून वेचून काढलेलं एकटं सोडियम क्लोराइड. मिठागरात जे मागे राहिलं, तेही माशाला हवं असतं. म्हणून मत्स्यालयाचं तयार मीठच आण.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं घे. घरच्या फिल्टरवर विसंबू नकोस; चवीसाठी त्यातले बरेच फिल्टर खनिजं परत मिसळतात. टीडीएस मीटर लावून बघ, आकडा शून्य यायला हवा. नळाच्या पाण्यातल्या फॉस्फेट-सिलिकेटवर तपकिरी शेवाळ असं माजतं की काच दिसेनाशी होते.

साबण कधीही न लागलेली बादली घे. 20 लिटर पाण्यात साधारण 750 ग्रॅम मीठ, नेमकं प्रमाण पाकिटावर वाच. आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ. मी पहिल्यांदा उलटं केलं, मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं. पाणी दुधासारखं झालं आणि काही केल्या निवळेचना. विरघळायच्या आधीच कॅल्शियमचा साका झाला होता. सगळं मोरीत. छोटा पंप सोडून रात्रभर फिरव, मग 25 अंशाला खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास बघ. यंत्र साध्या पाण्यावर नको, 35 पीपीटी खारेपणाच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घे.

आता वाळू. नागावच्या किनाऱ्यावरची पिशवी भरून आणू नकोस. तिच्यातून चुंबक फिरव, काळे कण चिकटतील. ते लोह तुझ्या टाकीत कशाला? दुकानातून अ‍ॅरागोनाइट वाळू घे, 7 किलो पुरे, इंचभर थर होईल. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाक, फसफसली तर चुन्याची. अशी वाळू पाण्याचा सामू ढासळताना थोडा हात देते. शोभेला प्रवाळाचा तुकडा मात्र कुणी कितीही स्वस्त दिला तरी घ्यायचा नाही. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

वाळू तांदळासारखी धू, निवळ पाणी येईपर्यंत. कंटाळा येईल, दहा-बारा पाणी लागतात. शेवटचं पाणी आरओचं. पिशवीवर ‘लाइव्ह’ लिहिलं असेल तर मात्र अजिबात धुवू नकोस, आपल्याला हवे असलेले जिवाणू मोरीत जातील. आधी टाकीत वाळू, तिच्यावर उपडी बशी, आणि बशीवर हळू धार. पहिला दिवस धुरकट जाईल, घाबरू नकोस.

मग चिमूट-चिमूट माशांचं खाणं टाकत राहा. ते कुजून अमोनिया होईल, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतील. चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर पहिले दोन शून्य दिसले की मला फोन कर. मधे पाणी आटेल, तेव्हा खारं नाही, साधं आरओ पाणी भर. मीठ उडून जात नाही, आजोबांचं पोट त्यावरच चाललं.

पुढच्या रविवारी येतो, रिफ्रॅक्टोमीटर माझाच आणतो. तोवर वाळू धुऊन ठेव. आईची बादली घेऊ नकोस, नवी आण.

तुझा,
मामा