चाक बदलले, आता पुढचे मडगार्ड कोणते?

आपल्या समाजातील असंख्य तरुण दुचाकीचे गॅरेज, वेल्डिंग आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे एक काम नेहमी येते. ग्राहक जुन्या गाडीला पुढे दुसरे चाक आणि रुंद टायर बसवतो, मग त्यावर मडगार्ड मागतो. पुष्कळदा रिमचा आकडा पाहून मडगार्ड दिले जाते. घोटाळा येथेच होतो. मडगार्ड टायरला सांभाळून घेते, रिमला नव्हे.

एक हिशेब मांडून पाहू. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीला पुढे २.७५-१८ मापाचा टायर असतो. या जुन्या मापात टायरची उंची व रुंदी साधारण सारखी, म्हणजे ७० मि.मी. धरतात. १८ इंची रिम ४५७ मि.मी., त्यात दोन्ही बाजूंचे १४० मिळवले की चाकाची एकूण उंची ५९७ मि.मी. होते. आता ग्राहकाने १००/९०-१७ चा टायर आणला. त्याची रुंदी १०० आणि उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ९० मि.मी. १७ इंची रिम ४३२, अधिक १८०, एकूण ६१२ मि.मी. म्हणजे रिम एक इंचाने लहान, पण चाक १५ मि.मी.ने मोठे! शिवाय टायर प्रत्येक बाजूला १५ मि.मी. रुंद झाला. ‘सतराचे’ म्हणून अरुंद मडगार्ड दिले तर ते टायरला घासणारच.

म्हणून आधी टायर हवा भरून बसवावा. तो शॉकअपच्या दोन्ही नळ्यांमध्ये मोकळा फिरतो की नाही हे पाहावे. तेथेच जागा नसेल तर मडगार्डचा प्रश्नच उरत नाही. तो टायर बसवू नये. जागा असेल तर टायरपेक्षा रुंद आणि त्याच्या गोलाईशी जुळणारे मडगार्ड निवडावे. पुढचे टोक, माथा आणि मागचे टोक या तिन्ही ठिकाणी निदान बोटभर जागा राहावी, नाहीतर चिखल व खडे अडकतात.

शॉकअपच्या खालच्या नळीवर बसणारे मडगार्ड चाकाबरोबरच वरखाली होते. हँडलच्या टीखाली बसणारे उंच मडगार्ड मात्र जागीच राहते. तेथे शॉकअप पूर्ण दबल्यावरही टायर लागणार नाही एवढे अंतर हवे. काही गाड्यांत मडगार्डची लोखंडी कमान दोन्ही नळ्यांना बांधून ठेवते. ती काढून नुसते प्लॅस्टिक लावू नये. ब्रॅकेट उंच करायचे तर मजबूत पट्टी वापरावी. वायसरची चळत लावून काम भागवू नये. ब्रॅकेट तुटून मडगार्ड चाकात गेले तर धावती गाडी जागीच अडकते आणि चालवणारा रस्त्यावर आपटतो. येथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करते. म्हणून चाक बदलण्यापूर्वीच ग्राहकाला आरटीओत विचारून घेण्यास सांगावे.

बंधूंनो, दुरुस्तीला आलेली गाडी ही आपल्याकडे अमानत असते. मालातील दोष ग्राहकापासून लपवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. न बसणारे मडगार्ड ‘चालून जाईल’ म्हणून देणे हे दोष लपवणेच होय. योग्य माप नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. आजचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल, दुकानावरचा विश्वास जाता कामा नये.