लॉजिस्टिक : एक रूप, दोन शब्द

अनेकार्थता आणि समरूपता यांतील भेद आपण मागे पाहिला. झाडाचे पान आणि वहीचे पान यांचे अर्थ परस्परांशी निगडित आहेत. ही अनेकार्थता होय. ‘तो माळ’ (पठार) आणि ‘ती माळ’ (हार) यांत मात्र केवळ रूप समान आहे. ही समरूपता होय. आता ‘लॉजिस्टिक’ हा आगत शब्द याच कसोटीवर तपासू.

अ) पुरवठा व्यवस्थापनातील अर्थ

सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावर मालवाहू वाहनांवर ‘लॉजिस्टिक्स’ हा शब्द आपण वाचला असेल. माल साठविणे, वाहून नेणे व वेळेवर पोहोचविणे, असा त्याचा अर्थ. सांगलीजवळील हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठविण्याची जुनी पद्धत हेही याच व्यवस्थेचे अंग होय. हा शब्द मूळचा लष्करी. एकोणिसाव्या शतकात जोमिनी या युद्धशास्त्रज्ञाने त्याचा संबंध सैन्याच्या मुक्कामाची सोय पाहणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पदनामाशी जोडला. त्यामागे ‘मुक्काम’ ही कल्पना आहे. मराठीतील ‘रसद’ हा शब्द या अर्थाला जवळचा आहे.

आ) गणितातील अर्थ

बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीचे एक समीकरण मांडले आणि १८४५ मध्ये त्याच्या वक्राला ‘लॉजिस्टिक’ असे नाव दिले. वाढ प्रथम मंद, मग वेगवान आणि मर्यादा जवळ येताच पुन्हा मंद होते. म्हणून वक्र इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. ग्रीक भाषेत याच रूपाच्या शब्दाचा अर्थ ‘गणनाविषयक’ असा होता. येथे मुक्कामाचा वा वाहतुकीचा संबंध नाही.

इ) निष्कर्ष

मूळ कल्पना भिन्न आणि अर्थांत दुवा नाही. म्हणून ही समरूपता ठरते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. अनुवादकाने ‘लॉजिस्टिक वक्र’ याचे ‘रसद-वक्र’ केले, तर विधान निरर्थक होईल आणि वाचकाची दिशाभूल होईल. प्रतिशब्द निवडण्यापूर्वी शब्दाचे क्षेत्र ओळखावे.

आपली प्रगती तपासा

१. ‘लॉजिस्टिक’ हे समरूपतेचे उदाहरण का ठरते?
२. ‘पेव’ (धान्याचे कोठार) आणि ‘पेव फुटणे’ यांत अनेकार्थता आहे की समरूपता? सकारण लिहा.