आतला आवाज : ऐकायचा कधी, तपासायचा कधी?

"सर, इथून नको जाऊ, मले बरोबर नाही वाटून राहिलं." सहलीत एखादं पोरगं असं म्हणतं, तेव्हा आपण त्याला पटकन 'घाबरट' म्हणून मोकळे होतो. दोस्तही म्हणतात, "चाल ना बे, काही नाही होत!" पुढच्या वेळी ते पोरगं गप्प बसतं. शिक्षक मित्रांनो, पालकहो, हे गप्प बसणं महागात पडू शकतं.

मनाचा कौल म्हणजे काही जादू नाही. डोळ्यांनी, कानांनी टिपलेल्या बारीकसारीक खुणा मेंदू जोडतो. पण शब्द सापडण्याआधी आपल्याला फक्त 'काहीतरी वेगळं आहे' एवढंच जाणवतं.

आपल्या वर्धा जिल्ह्यातलं बोर अभयारण्य याची उत्तम शाळा आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प. तिथले वाटाडे वाघ 'शोधत' नाहीत, आधी कान देतात. झाडावरचं वानर खेकसलं, चितळ ओरडलं, की गाडी थांबते. चितळ लवकर बिचकतं. पण सांबर पुन्हा पुन्हा ओरडू लागलं, तर वाटाड्या जास्त भरवसा ठेवतो. मग तो रस्त्यावरचे पंजे बघतो, वारा कुठून येतो ते बघतो. म्हणजे आधी जाणीव, मग पडताळणी.

मानसशास्त्रही हेच सांगतं. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांची अंतःप्रेरणेबद्दलची मतं एकमेकांविरुद्ध होती. तरी २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि एका मुद्द्यावर त्यांचं जमलं : ज्या ठिकाणी खुणांमध्ये काही नियम असतो, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे माणसाला वारंवार कळत जातं, तिथेच अंतःप्रेरणा भरवशाची होते. 'मला अगदी खात्री वाटते' एवढं पुरेसं नाही. निसर्गात या दोन्ही गोष्टी मिळतात. पाठ्यपुस्तकातल्या तयार उत्तरात मात्र अंदाज बांधायला जागाच नसते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा आग्रहही प्रत्यक्ष कामातून शिकण्याचाच होता.

करून पाहण्यासारखा उपक्रम

व्याघ्रप्रकल्पात पायी फिरता येत नाही. त्यासाठी गावतळं, पांदण किंवा शेताचा बांध पुरेसा आहे.

१. दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. फक्त ऐकायचं, बघायचं.
२. प्रत्येकाने वहीत एक अंदाज लिहायचा : टिटवी का ओरडली? ही वाट पाण्याकडे जाते का?
३. 'मला असं का वाटलं?' याची एक खूण लिहायची.
४. जाऊन तपासायचं. बरोबर-चूक दोन्हीची नोंद ठेवायची, गुण द्यायचे नाहीत.

महिनाभर हे चाललं, की आपला अंदाज कशात बरोबर येतो आणि कशात फसतो, हे मुलांनाच कळू लागतं.

एक नियम मात्र वेगळा

धोक्याची शंका आली, तर तपासायला पुढे जायचं नाही. आधी मागे फिरायचं. पावसाळ्यात पवनारला धाम नदीच्या खडकांवर उभं असताना पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, तर वरच्या बाजूने लोंढा येत असू शकतो. तेव्हा लगेच काठावर यायचं. शंका खोटी ठरली तर पाच मिनिटं गेली. खरी ठरली तर जीव वाचला. जंगलालगतच्या शेतातून सांजवेळी घरी येणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे : एकटं पुढे जायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची.

म्हणून सहलीआधी वर्गात एवढं ठरवून टाका : कोणीही 'थांबा' म्हटलं की सगळे थांबतील, आणि त्याच्यावर कोणी हसणार नाही. शंका खोटी निघाली तरी त्या मुलाला 'बरं केलं सांगितलंस' म्हणा. धीटपणा म्हणजे पुढे जाणंच नव्हे; सगळे पुढे जात असताना थांबा म्हणणं, हाही धीटपणाच आहे.