एका निबंधाला पंधरा आठवडे?

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत गेली आहे. तिथे पहिल्याच वर्षी इंग्रजी लेखनाचा एक विषय सक्तीचा आहे आणि त्यात सेमिस्टरभर एकच संशोधन-प्रकल्प चालतो. तिने ‘जलप्रदूषण’ हा विषय दिला, तर मॅडमनी ‘फार मोठा’ म्हणून परत पाठवला. आता ती तिकडच्या फ्लिंट नावाच्या शहरातल्या पाण्यावर लिहिते आहे. आठवा आठवडा संपत आला, पण निबंधाचं एक पानही झालेलं नाही. नुसती टिपणं, याद्या आणि मुलांनी एकमेकांचं वाचणं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला हे कशासाठी? आणि दहा पानांना पंधरा आठवडे? इकडे असे प्रकल्प आठवड्यात टाइप करून देणारी माणसं आहेत. त्यांची मदत घेतली तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत. इंजिनियरला हा विषय कशाला, एवढा वेळ कशाला, आणि बाहेरून मदत घ्यावी का. पहिली लवकर सुटते, तिच्यापासून सुरुवात करू.

हा विषय परदेशी मुलांचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून ठेवलेला नाही. तुमच्या मुलीला शिकावा लागतो तसाच तो आयुष्यभर इंग्रजीच बोलत आलेल्या अमेरिकन मुलांनाही शिकावा लागतो. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. चांगल्या शाळांतून आलेल्या मुलांना चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत, अशी तक्रार हार्वर्डमध्ये तेव्हा होती. म्हणून १८७०च्या दशकात तिथल्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखन आलं आणि १८८५ मध्ये पहिल्या वर्षाचा स्वतंत्र लेखन-अभ्यासक्रम सुरू झाला. इतर विद्यापीठांनी तो कित्ता गिरवला. इंजिनियरांनाही यातून सूट नाही. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘एबेट’ ही संस्था वेगवेगळ्या वाचक-श्रोत्यांना आपलं म्हणणं नीट समजावता येणं, ही पदवीधराची एक आवश्यक क्षमता मानते.

आता वेळाचं. आपण दहावी-बारावीला लिहितो तो निबंध अर्ध्या तासात होतो, कारण त्यात आपल्याला आधीच ठाऊक असलेलं नीट मांडायचं असतं. या प्रकल्पात लिहायला बसताना जे माहीत नाही, तेच शोधून लिहायचं असतं. तुम्हाला खटकलेल्या बहुतेक गोष्टी, म्हणजे परत आलेला विषय, टिपणं, याद्या, या एका फरकातून निघाल्या आहेत.

‘जलप्रदूषण’ परत का आलं? कारण तो प्रश्नच नाही. त्याच्यावर दहा पानं लिहायची म्हटली तर गंगेपासून ॲमेझॉनपर्यंत सगळीकडची चिमूट-चिमूट माहिती गोळा होईल आणि शेवटी ‘पाणी जपून वापरा’. शिक्षकाला दहा पानांत मावेल आणि ज्याचं उत्तर आज विद्यार्थ्याकडे नाही, असा प्रश्न हवा असतो. फ्लिंटमध्ये तो कसा सापडतो, ते पाहा.

फ्लिंट हे मिशिगन राज्यातलं, एकेकाळी मोटारींच्या कारखान्यांवर भरभराटीला आलेलं शहर. पुढे शहराची तिजोरी रिकामी झाली आणि राज्य सरकारने तिथे आणीबाणी-प्रशासक नेमला. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉइटकडून मिळणारं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं. नदीचं पाणी धातू खाणारं होतं. अशा पाण्यात गंज रोखणारं रसायन मिसळतात, ते मिसळलं गेलं नाही. परिणामी जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. पाण्याचा रंग बदलला, वास येतो, अंगावर पुरळ उठतं, अशा तक्रारी लोक करत राहिले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन-कारखान्याने सांगितलं, की या पाण्याने आमचे सुटे भाग गंजतात. कारखान्याला दुसरीकडचं पाणी मिळालं. माणसं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत होती. शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. आता प्रश्न आपोआप उभा राहतो : यंत्राच्या गंजाची दखल काही महिन्यांत घेतली गेली, मग माणसांच्या तक्रारीला दीड वर्ष का लागलं? तुमच्या मुलीचा प्रश्न नेमका हाच असेल असं नाही, पण याच मापाचा असणार.

इथपर्यंत यायला तीन-चार आठवडे सहज जातात. त्यापुढचा महिना वाचनाचा, आणि तुम्ही ज्यांना ‘याद्या’ म्हणता त्या इथे येतात. टिपणांसह संदर्भसूची म्हणजे पुस्तकांची आणि लेखांची नुसती नावं नव्हेत. प्रत्येक संदर्भाखाली पाच-सहा वाक्यं लिहायची असतात. हा लेखक काय म्हणतो, कोणत्या पुराव्यावर म्हणतो, तो स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे, दुसऱ्या लेखकाशी त्याचं कुठे पटत नाही आणि माझ्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय. फ्लिंटबाबत वाचायला भरपूर आहे. नळाचं पाणी नागरिकांकडून गोळा करून व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्‌स यांच्या गटाने तपासलं, ते निष्कर्ष आहेत. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं. त्यांचा शोधनिबंध नंतर प्रसिद्ध झाला. राज्यपालांनीच नेमलेल्या चौकशी गटाचा मार्च २०१६ चा अहवाल आहे. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रांतल्या त्या-त्या वेळच्या बातम्या.

विद्यार्थी बहुधा ‘अधिकाऱ्यांनी लोकांना फसवलं’ असं ठाम मत घेऊन सुरुवात करतो. कागद वाचू लागल्यावर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. पाण्यातल्या शिशाविषयी १९९१ पासून केंद्राचा नियम होता. मिशिगनच्या पर्यावरण खात्याने त्याचा अर्थ असा लावला, की आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन चाचण्या होऊ द्या, मग गंजरोधकाचं ठरवू. चौकशी गटाने या अर्थावर कडक ताशेरे ओढले. दुसरीकडे, आणीबाणी-प्रशासकाच्या हाती सूत्रं असल्याने लोकांनी निवडून दिलेल्या नगरपरिषदेला निर्णयाचा अधिकारच उरला नव्हता. मार्च २०१५ मध्ये परिषदेने डेट्रॉइटचं पाणी परत घेण्याच्या बाजूने मत दिलं, तरी प्रशासकाने ते मानलं नाही. म्हणजे ‘कोण खोटं बोललं?’ या प्रश्नाच्या शेजारी ‘ऐकून घेणं ही नेमकी कोणाची जबाबदारी होती?’ हा दुसरा आणि जास्त अवघड प्रश्न येऊन बसतो. मत असं हलायला वेळ लागतो. आठवडाभरात लिहिलेल्या निबंधात ते हलत नाही. पहिल्या दिवशीचं मतच शेवटच्या पानावर सापडतं. माझ्या मते पंधरा आठवड्यांचं खरं समर्थन एवढंच आहे.

म्हणून आठव्या आठवड्यात पान तयार नसणं हे काळजीचं लक्षण समजू नका. कॉलेजागणिक थोडं मागेपुढे होतं, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रस्ताव, सातव्या-आठव्यात संदर्भसूची, दहाव्याच्या आसपास पहिला खर्डा आणि शेवटच्या आठवड्यात अंतिम प्रत, अशी चाल साधारण असते. तुमची मुलगी वेळेवर आहे.

संदर्भ जितके जास्त तितका निबंध भारी, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तिथे न वाचलेल्या पंचवीस नावांपेक्षा नीट वाचलेली आठ जास्त मोलाची ठरतात. विकिपीडियाला तर हातही लावायचा नाही, असंही मुलांना उगाच वाटतं. प्राथमिक ओळखीसाठी ते खुशाल वाचावं, तळाशी दिलेल्या मूळ संदर्भांकडे जावं आणि आधार म्हणून त्या मूळ लेखनाचं नाव द्यावं. कोणत्या संकेतस्थळावर विश्वास ठेवायचा याबद्दल २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी एक मजेदार अभ्यास मांडला. त्यांनी काही संकेतस्थळं इतिहासाच्या पीएच.डी. झालेल्यांना, स्टॅनफर्डच्याच विद्यार्थ्यांना आणि माहितीची शहानिशा करणाऱ्या व्यावसायिक तपासनिसांना दाखवली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि भारदस्त नाव, सुबक बोधचिन्ह यांना अनेकदा भुलले. तपासनीस मात्र चटकन त्या पानावरून बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहू लागले. ते कमी वेळात जास्त अचूक उत्तरापर्यंत पोचले. थोडक्यात, विद्वत्ता असली म्हणजे सावधपणा असतोच असं नाही!

मुलांनी एकमेकांचं लिखाण तपासायचं, तर शिक्षक पगार कशाचा घेतात, असा तुमच्या पत्राचा सूर मला जाणवला. पण वर्गमित्राकडून व्याकरण दुरुस्त करून घ्यायचं नसतं. शिक्षिकेला फ्लिंटचं प्रकरण बहुधा माहीत असतं, त्यामुळे मधली पायरी गळली तरी ती मनात भरून घेते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला काहीच माहीत नसतं. तो जिथे अडतो, तिथे लिहिणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेलं असतं. अर्थात ही पद्धत दर वेळी जमतेच असं नाही. ‘छान आहे, आवडलं’ एवढंच लिहून मोकळी होणारी मुलं तिकडेही आहेत.

यानंतर खर्डा पुन्हा लिहायचा असतो. पुन्हा लिहिणं म्हणजे शब्द बदलणं, असं बहुतेक विद्यार्थी समजतात. लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांची तुलना केली तेव्हा हेच दिसलं. विद्यार्थी शब्द बदलत होते, खोडत होते. अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याचा आकारच तपासत होते. फ्लिंटच्या बाबतीत पाहायचं तर कारखान्याची हकीकत पाचव्या पानावरून पहिल्या पानावर आणणं हे पुनर्लेखन, आणि ‘वाईट’ काढून ‘निकृष्ट’ घालणं ही निव्वळ रंगसफेदी.

संदर्भ देण्याच्या एमएलए, एपीए वगैरे पद्धतींचा मुलांना भारी जाच वाटतो. (हे एमएलए म्हणजे आमदार नव्हेत, ती भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची संघटना आहे.) स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कुठे, यावरून गुण कापले जातात हे खरं. पण मूळ हेतू साधा आहे : वाचणाऱ्याला शंका आली तर त्याला त्याच पानापर्यंत जाता यावं. आपल्याकडच्या लेखांतले ‘तज्ज्ञांच्या मते’ हे तज्ज्ञ कुठे राहतात, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

याला लागूनच वाङ्मयचौर्याचा प्रश्न येतो. ‘टर्निटिन’सारखी प्रणाली टक्का दाखवते तो चोरीचा नसतो. इतर कोणत्या मजकुराशी किती शब्द जुळतात, एवढंच ती सांगते. अवतरणचिन्हांत, नाव देऊन घेतलेला मजकूरही त्यात मोजला जाऊ शकतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावरून ‘दहा टक्के उचललेलं चालतं’ असा सोयीस्कर अर्थ पसरला आहे. तुमच्या मुलीच्या वर्गात तो चालणार नाही. पंधरा टक्के जुळूनही निबंध निर्दोष असू शकतो आणि दोन टक्क्यांतला एक न सांगता उचललेला परिच्छेद अडचणीत आणू शकतो. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून लिहिला, तरी नाव द्यावंच लागतं.

या प्रकल्पावर तिकडेही टीका झाली आहे, हेही सांगायला हवं. रिचर्ड लार्सन या अभ्यासकाने १९८२ मध्येच म्हटलं, की ‘संशोधन-निबंध’ असा काही स्वतंत्र लेखनप्रकारच नाही. रसायनशास्त्रज्ञाचं संशोधन वेगळं, इतिहासकाराचं वेगळं. सगळ्यांना एकच साचा देऊन काय साधतं? आक्षेपात तथ्य आहे. तुमची मुलगी पुढे असे निबंध लिहिणार नाही. ती तांत्रिक अहवाल लिहील. म्हणूनच अनेक विद्यापीठांनी पुढच्या वर्षांत त्या-त्या शाखेतच लेखनाचे वेगळे विषय ठेवले आहेत. तरी मला हा पहिला प्रकल्प वाया जाणारा वाटत नाही. पाण्यात शिसं उतरलं ते रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. नियम वाचणारे आणि तक्रार ऐकणारे चुकले. संगणकाच्या इंजिनियरने हे एकदा बारकाईने पाहिलेलं बरं.

राहिली तिसरी शंका. इकडून कोणाकडून निबंध लिहून घेऊ नका. प्रस्ताव, टिपणं, खर्डे हे सगळं शिक्षिकेच्या हाती आधीच असतं. अचानक आलेली परकी प्रत लगेच उघडी पडते. शिक्षा विषयात नापास होण्यापासून निलंबनापर्यंत जाऊ शकते, आणि परदेशी विद्यार्थ्याचं निलंबन झालं की व्हिसाही धोक्यात येतो. एआय वापरण्याबाबत प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो आणि तो सहसा अभ्यासक्रमाच्या पत्रकात लिहिलेला असतो. त्यातून मिळणारे संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतात, म्हणून नियम काहीही असला तरी प्रत्येक नाव ग्रंथालयात तपासून घ्यायला सांगा.

हक्काची मदत तिच्या विद्यापीठातच मिळेल. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत लेखन-केंद्र असतं. तिथे वेळ ठरवून खर्डा घेऊन बसता येतं आणि विद्यार्थ्याला त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. ग्रंथपालही नेमका डेटाबेस शोधून देतात. तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल, तर पहिला खर्डा मागवून वाचा आणि फोनवर एवढंच सांगा, की कुठे कळलं नाही. वाक्यं दुरुस्त करू नका. ते काम तिचं आहे.