परदेशातील कायदेशिक्षण : खर्च आणि विवेक
तुमसर तालुक्यातील बपेरासारख्या गावात मुलाला वा मुलीला कायद्याच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवावे काय, हा प्रश्न बहुधा धानाची शेती गहाण ठेवावी काय, असाच असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

आज स्थिती निराळी आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिलीसाठी राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी लागते. परदेशी विधी पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असावी लागते व पात्रता परीक्षाही द्यावी लागते. केवळ एलएल.एम.मुळे सनद मिळत नाही.

तेव्हा जिल्हा न्यायालयात वकिली करू इच्छिणाऱ्याने पदवी येथेच घेणे हिताचे. आंतरराष्ट्रीय कायदा वा संशोधन यांची ओढ असल्यास पुढील शिक्षणासाठी परदेश जरूर पाहावा. मात्र आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ही माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांनी वेळीच घरोघरी पोचविल्यास गहाणखत टळू शकेल.