एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचे हृदयारोग्य आणि सामाजिक कलंक

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली आढळून आला. त्यानंतर कित्येक वर्षे हा आजार म्हणजे मृत्यूची पूर्वसूचनाच समजली जात असे. १ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने मोफत एआरटी उपचार सुरू केले. आरंभीच्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. त्या काळात तिशीत असताना ज्या स्त्रियांनी औषधे सुरू केली, त्या आज पन्नाशी गाठत वा ओलांडत आहेत. त्यांतील अनेकींना संसर्ग पतीकडून झाला आणि अनेकींच्या वाट्याला ऐन उमेदीत वैधव्य आले. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या २५ लाखांहून अधिक असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के आहे. या स्त्रिया जगल्या, हे आरोग्ययंत्रणेचे मोठे यश होय. मात्र वाढत्या वयाबरोबर हृदयविकाराचा नवा धोका त्यांच्यापुढे उभा आहे, आणि तो वाढविण्यात समाजाच्या दृष्टीचाही वाटा आहे.

धोका कशामुळे?

औषधे नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतका कमी होतो की चाचणीत तो आढळत नाही. ही स्थिती टिकून असेपर्यंत लैंगिक संबंधातून दुसऱ्यास संसर्ग होत नाही. तथापि शरीराची प्रतिकारयंत्रणा पूर्णपणे शांत होत नाही. आत मंद दाह चालू राहतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोहोचते व तेथे चरबीचे थर साचू लागतात. त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुपटीने असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला मिळणारे नैसर्गिक संरक्षण घटते. पूर्वीच्या काही औषधांनी शरीरातील चरबीचे संतुलन बिघडत असे, तर आजच्या औषधांवर काही स्त्रियांचे वजन वाढते. तंबाखू वा मिश्रीची सवय असल्यास त्यात आणखी भर पडते.

लपविण्याची किंमत

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसरसारख्या उपनगरात चाळी व झोपडवस्त्या दाट आहेत. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत कोणाचीही गोष्ट झाकून राहत नाही. अशा वस्तीत घरकाम करून पोट भरणारी पन्नाशीची एखादी विधवा डोळ्यांसमोर आणावी. गोळ्यांची बाटली ती पिठाच्या डब्यात ठेवते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून जवळचे केंद्र टाळून दूरच्या केंद्रात जाते व त्यासाठी दिवसाची मजुरी बुडविते. वस्तीत रक्तदाब तपासणीचे शिबिर भरले, तरी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या भीतीने ती तिकडे फिरकत नाही. महानगरपालिकेने २०२१ साली केलेल्या पाहणीत मुंबईतील सुमारे ३४ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. तिचा रक्तदाब मात्र कोणी मोजलेलाच नसतो.

पुढे तिला जिना चढताना धाप लागते, पाठ व जबडा दुखतो, मळमळते. स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात. ती त्याला पित्त समजते आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पित्तशामक आणते. येथे दुहेरी हानी संभवते. हृदयविकाराचे निदान लांबते, आणि अॅल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेले पित्तशामक एकाच वेळी घेतल्यास आज प्रचलित असलेले डोल्युटेग्रॅविर हे एचआयव्हीचे औषध शरीरात नीट शोषले जात नाही. याच औषधामुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्या एचआयव्हीच्या विशिष्ट औषधांबरोबर देताच येत नाहीत. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सर्व औषधांची माहिती असणे अत्यावश्यक आहे. पण अवहेलनेची धास्ती असेल तर रुग्ण ती सांगणार कशी? याखेरीज सततची भीती, एकाकीपणा व अपुरी झोप यांचा रक्तदाबावर अनिष्ट परिणाम होतो तो वेगळाच.

आशेची बाजू

हा धोका टाळता येण्यासारखा आहे. भारतासह अनेक देशांत ४० ते ७५ वयोगटातील ७,७६९ एचआयव्हीसंसर्गित व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश स्त्रिया होत्या. पिटाव्हास्टॅटिन ही गोळी रोज घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असते. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची नियमित तपासणी, रोजचे चालणे, मीठ कमी करणे आणि तंबाखू सोडणे हे उपाय मात्र सर्वांनाच लागू आहेत.

कायदा आणि आपले कर्तव्य

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार व निवास यांबाबत भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचून तिची स्थिती उघड करणे हा सामान्यतः कायद्याचा भंग ठरतो.

कायद्याचे हे संरक्षण प्रत्यक्षात उतरविणे स्थानिक कार्यकर्त्यांच्या हाती आहे. शिबिर भरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदणीचे टेबल व तपासणीची जागा वेगळी ठेवावी आणि औषधांविषयीचे प्रश्न पडद्याआड विचारले जातील याची दक्षता घ्यावी. शिक्षकांनी एकत्र जेवणाने, स्पर्शाने वा एकाच नळाच्या पाण्याने एचआयव्ही पसरत नाही, हे विद्यार्थ्यांना निःसंदिग्धपणे सांगावे. मुलांमार्फत ते घरोघर पोहोचते. पतीच्या निधनानंतर शहरातून गावी परतलेल्या सुनेला घरातील वाटा व संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ मिळावा, यासाठी पंचायत सदस्यांनी तिच्या आजाराचा गवगवा न करता साहाय्य करावे. रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटे पुरतात. त्या दोन मिनिटांसाठी तिने निर्धास्तपणे पुढे यावे, एवढा विश्वास तिला गावाने व वस्तीने दिला पाहिजे.