'व्हेरी', 'टू' आणि 'इनफ' : फार, अति आणि पुरेसे



मराठीत 'फार' हा एकच शब्द दोन कामे करतो. 'आमरस फार गोड झाला' हे कौतुक आहे, तर 'चहा फार गोड झाला' ही तक्रार आहे. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या सुरावरून अर्थ कळतो. इंग्रजीत मात्र या दोन कामांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. कौतुकासाठी किंवा केवळ प्रमाण सांगण्यासाठी 'व्हेरी', आणि गरजेपेक्षा जास्त झाले हे सांगण्यासाठी 'टू'. आपली मुले मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितात आणि 'फार' दिसला की हाताला येईल तो शब्द टाकतात. अर्थाचा अनर्थ होतो तो येथेच.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधीच्या आमच्या पिढीला इंग्रजीची ओळख झाली ती पाचवीत. आजच्या मुलांना चार वर्षे अधिक मिळतात, तरी ही अडचण तशीच राहिली आहे. कारण ती वर्षांची नसून दोन भाषांच्या घडणीतील फरकाची आहे. म्हणून आम्ही येथे हा एकच विषय घेऊन थोडा सविस्तर मांडत आहोत.

प्रथम लिपीबद्दल एक सूचना. या लेखात दीर्घ 'टू' म्हणजे अतिरेक दाखवणारा शब्द आणि ऱ्हस्व 'टु' म्हणजे क्रियापदाच्या आधी येणारा शब्द असे समजावे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्यात दोन 'ओ' असतात, दुसऱ्यात एकच.

१) 'व्हेरी' आणि 'टू'

'युवर डॉटर इज व्हेरी इंटेलिजंट' म्हणजे तुमची मुलगी फार हुशार आहे. येथे 'टू इंटेलिजंट' म्हटले, तर हुशारी नको तितकी आहे आणि तिच्यामुळे काही अडते आहे, असा अर्थ होतो. आपल्याकडे 'अति तेथे माती' अशी म्हण आहे. 'टू' म्हणजे त्या म्हणीतील 'अति'. जेथे 'अति' शोभेल तेथेच 'टू' वापरावा, ही सोपी कसोटी.

मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराला विचारले, "गडचिरोलीला नोकरी कराल का?" त्याने उत्तर दिले, "इट इज टू फार, सर." इंग्रजीतील 'फार' म्हणजे दूर. उमेदवाराला सांगायचे असते की गाव बरेच दूर आहे, पण मी जाईन. ऐकणाऱ्याला मात्र कळते की दूर असल्यामुळे हा जाणार नाही. 'इट इज व्हेरी फार, बट आय विल गो' असे म्हटले की प्रश्न मिटला. एका शब्दाने होकाराचा नकार होतो, तोही नोकरीच्या दारात.

२) 'टू' च्या पोटातील नकार

'टू … टु' या रचनेत 'नॉट' कोठेच दिसत नाही, तरी वाक्याचा अर्थ नकारार्थी असतो. 'ही इज टू वीक टु वॉक' म्हणजे तो इतका अशक्त आहे की त्याला चालता येत नाही. परीक्षेत 'टू काढून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न येतो, तो हा लपलेला नकार बाहेर काढण्यासाठी. उत्तर असे : 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.' वाक्य भूतकाळी असेल तर 'कॅनॉट' ऐवजी 'कुड नॉट'. 'द फार्मर वॉज टू टायर्ड टु ईट' याचे 'द फार्मर वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट ईट' असे होते.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. 'द टी इज टू हॉट टु ड्रिंक' या वाक्याच्या शेवटी 'इट' लावू नये. पण 'सो … दॅट' केले की तो 'इट' लिहावाच लागतो : 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट.' दुसरे म्हणजे, काम कोणाला जमत नाही हे सांगायचे असल्यास 'फॉर' येतो : 'द सॅक इज टू हेवी फॉर हिम टु लिफ्ट.' म्हणजे पोते त्याला उचलवत नाही इतके जड आहे.

फी-माफीच्या अर्जात 'माय फादर इज व्हेरी पुअर टु पे द फी' असे वाक्य लिहिले जाते. ते चूक आहे, कारण 'व्हेरी' च्या पोटात नकार नाही. 'टू पुअर टु पे द फी' हे बरोबर. त्याहून सौम्य हवे असेल तर 'नॉट रिच इनफ टु पे द फी' असे लिहावे.

३) 'टू मच', 'टू मेनी' आणि 'मच टू'

मोजता येणाऱ्या वस्तूंना 'टू मेनी', न मोजता येणाऱ्यांना 'टू मच'. शेतात 'टू मेनी स्टोन्स', रानात 'टू मच वॉटर'. कमी पडले तर अनुक्रमे 'टू फ्यू' आणि 'टू लिटल'. कोरडवाहू कापसाला पावसाचे दोन्ही टोकांचे दुखणे असते : 'टू लिटल रेन' नेही पीक जाते आणि 'टू मच रेन' नेही.

विशेषणाआधी मात्र 'टू मच' येत नाही. 'टू मच हॉट' चूक, 'टू हॉट' बरोबर. अधिक जोर द्यायचा असेल तर शब्दांचा क्रम उलटतो : 'मच टू हॉट'.

४) 'इनफ' ची जागा

मराठीत 'पुरेसा' हा शब्द नेहमी आधी येतो. पुरेसा पैसा, पुरेसा मोठा. इंग्रजीत 'इनफ' नामाच्या आधी येतो, पण विशेषणाच्या नंतर. 'इनफ मनी', पण 'बिग इनफ'. 'इनफ ओल्ड' ही आपल्याकडची नेहमीची चूक.

उदाहरण घेऊ. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे आज अठरा वर्षांची मुलगी 'इज ओल्ड इनफ टु व्होट'. सतरा वर्षांची 'इज नॉट ओल्ड इनफ टु व्होट', किंवा 'इज टू यंग टु व्होट'. शेवटच्या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे. एकात नकार उघड आहे, दुसऱ्यात झाकलेला.

जागा बदलली की अर्थही बदलतो. 'इनफ बिग रूम्स' म्हणजे मोठ्या खोल्या पुरेशा संख्येने आहेत. 'बिग इनफ रूम्स' म्हणजे खोल्या पुरेशा मोठ्या आहेत. वसतिगृहाविषयी निवेदन लिहिताना हा फरक कळला पाहिजे.

५) 'सफिशंट' आणि बँकेचा कागद

'सफिशंट' चा अर्थ 'इनफ' सारखाच, पण तो कचेरीच्या भाषेतील शब्द आहे. 'सफिशंट इनफ' असे जोडून लिहू नये, कारण एकाच अर्थाचे दोन शब्द होतात. चेक परत येतो तेव्हा कागदावर 'फंड्स इनसफिशंट' असे कारण असते, म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. खात्यात एक रुपया जरी कमी असला तरी शेरा हाच पडतो. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात कलम १३८ घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून अपुऱ्या शिलकीमुळे देण्याचा चेक न वटणे हा शिक्षापात्र गुन्हा होऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम चुकती केली तर ती वेळ टळते. म्हणून हा शब्द ज्याला वाचता आला त्याने तो शेरा पाहून स्वस्थ बसू नये. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीतील अंथरूण म्हणजे हे 'सफिशंट' होय.

६) अपवाद

'यू आर टू काइंड' हे आभाराचे वाक्य आहे, तक्रार नाही. 'आय ॲम ओन्ली टू ग्लॅड टु हेल्प' यात मदत करायला आनंदच वाटेल असा अर्थ आहे, नकार नाही. 'यू कॅनॉट बी टू केअरफुल' म्हणजे जितकी काळजी घ्याल तितकी थोडीच. शिवाय वाक्याच्या शेवटी येणारा 'टू' पुष्कळदा 'सुद्धा' या अर्थाचा असतो : 'माय सिस्टर इज अ नर्स टू.'

स्वाध्याय

पुढील वाक्ये दुरुस्त करावीत.
१. आय ॲम टू हॅपी टु मीट यू.
२. ही इज इनफ टॉल टु रीच द शेल्फ.
३. द रोड इज टू मच बॅड.
४. द वॉटर इज टू डर्टी टु ड्रिंक इट.

उत्तरे : १. 'टू' ऐवजी 'व्हेरी'. २. 'टॉल इनफ'. ३. 'टू बॅड', किंवा जोर हवा असल्यास 'मच टू बॅड'. ४. शेवटचा 'इट' काढावा.

मित्रांनो, लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला येथे फार म्हणायचे आहे, अति म्हणायचे आहे की पुरेसे? उत्तर आधी मराठीत पक्के करावे, मग इंग्रजी शब्द निवडावा. घरातील मोठ्यांनी मुलांचे अर्ज पाठवण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तपासली, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.